तोंड घासलेलं क्लॅरनेट

मराठवाडा, दुष्काळ आणि वाजवणारं पोरगं म्हणलं की तुम्ही लगेच खिशातला रुमाल चाचपता, मला माहीत हाय. आता ह्याचा बैल विकला जाणार, मंग माय अंथरूण धरणार, मंग हा माळावर बसून उदास सूर काढणार आणि आभाळ भरून येणार. रुमाल ठेवा खिशात. आमच्याकडं बैल नव्हताच, माय ठणठणीत हाय, आणि मी सूर काढला तर आभाळ सोडा, शेजारची शेळी बी दावं तोडून पळायची. ही गोष्ट माझ्या क्लॅरनेटचा आवाज कुणी नासवला त्याची हाय. मला त्याचा राग आलेला हाय. अजून उतरला न्हाई.

क्लॅरनेट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या मुखेडात अर्धे लोक त्याला सनई म्हणतात आणि उरलेले पिपाणी. काळी नळी असते, अंगावर चकचकीत चाव्या. वरच्या टोकाला तोंड, बदकाच्या चोचीसारखं. त्या चोचीला खालून बोरूची पातळ पट्टी बांधायची, तिला रीड म्हणतात. चोच आणि रीड ह्यांच्यात नखाच्या जाडीएवढी फट राहते. फुंकायचं त्या फटीतून. सगळी करामत त्या फटीत, आणि माझं सगळं भांडण बी त्याच फटीवरून.

मी मुळात नकलाकार. शाळेत हेडमास्तर यायच्या आधी मी त्यांचा खोकला दाराआडून काढायचो, सगळा वर्ग उभा राहायचा, आणि खरे हेडमास्तर आले की कुणी उठायचं न्हाई. मार मला बसायचा. एसटीचा कंडक्टर, बाजारातला बांगडीवाला, मटणाच्या दुकानापुढचं कुत्रं, सगळे माझ्या गळ्यात राहायचे. आत्याच्या गायन पार्टीनं नांदेडच्या एका मोडलेल्या बँडकडून जुनं क्लॅरनेट आणलं होतं. वाजवणारा मिळंना. मी उचललं आणि त्याच्यावर हेडमास्तर काढून दाखवला. नाकातलं "गप्प बसाऽऽ", अगदी शेवटच्या हुंकारासकट. आत्या हसता हसता खाली बसली.

"हे पोरगं नळीतून बोलायलंय की! ह्यालाच द्या."

बाकीचं मला पार्टीच्या पेटीवाल्या काकांनी शिकवलं.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. जयंतीला, विहारातल्या कार्यक्रमाला, आपल्या लोकांच्या लग्नाला ती गायची. मुखेडपासून अहमदपूरपर्यंत तिचं नाव होतं, आणि नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. बाई एका दमात लई लांब गाते. आता आतली गोष्ट सांगतो. ती दिवसा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. ती धूळ छातीत बसलेली. लांब सूर लावला की मधीच दम तुटायचा. म्हणून आम्ही एक रीत पाडली होती. तिचा दम संपायच्या जरा आधी मी तोच सूर खालून उचलायचा, इतक्या हळू की शेजारी बसलेल्याला बी कळू नये. तिनं तेवढ्यात श्वास घ्यायचा. ती परत सुरात आली की मी सोडून द्यायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, सूर तुटलाच न्हाई. पार्टीत ह्याला आम्ही सूर झेलणं म्हणायचो. बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

"हळू येत जा बाबा," ती मला सांगायची. "मांजर चुलीपाशी येतं तसं. येताना दिसू नये, बसलेलं दिसावं."

आणि मी यायचो तसा. फुशारकी न्हाई मारत. तिच्या खांद्याचं हाड जरासं वर सरकलं की मला कळायचं, आता दम संपला. तिचा आवाज जिथं फाटायचा तिथं माझा असायचा. नक्कलच ती, दुसरं काय. फक्त हसू न येणारी.

मंग पाऊस दडी मारून बसला. एक साल झालं, दुसरं बी तसंच. गावात प्यायला पाणी न्हाई तिथं कार्यक्रमाची वर्गणी कोण काढणार? पार्टी बसली. पेटीवाल्या काकांनी पेटीला फडकं बांधलं. त्याच वख्ताला तिकडं लातूर जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे काय झालं, तर प्रत्येक खोलीला पाटी लागली आणि प्रत्येक पाटीला बँड लागला. आज ह्या साहेबाचं स्वागत, उद्या त्या कचेरीचं उद्घाटन, परवा कुणाची नेमणूक झाली म्हणून मिरवणूक. नेमणूक झालेला माणूस कोण हे विचारायचं न्हाई, वाजवायचं. मी क्लॅरनेट पिशवीत घातलं आणि लातूरच्या एका बँडात शिरलो.

बँडच्या मास्तरला नावं ध्यानात राहायची न्हाईत. गावाच्या नावानं हाक मारायचे. ट्रम्पेटवाला म्हणजे उदगीर, ढोलवाला म्हणजे अहमदपूर, आणि मी मुखेड. मला उभं केलं उदगीर आणि अहमदपूरच्या मधी. डाव्या कानात पितळ, उजव्या कानात कातडं. पहिल्याच मिरवणुकीत मी जीव तोडून वाजवलं. मास्तर उलटे चालत माझ्यापुढं आले.

"ए मुखेड, वाजवतो का नुसता चाव्या दाबतो?"

"वाजवून राहिलो की मास्तर!"

"मला तर ऐकू येईना."

"मला बी येईना."

सगळा बँड हसला. मी जोक केला न्हवता. खरंच मला माझा आवाज ऐकू येत न्हवता. तुम्ही कधी गिरणीत उभं राहून बोललात का? तोंड हालतंय हे कळतं, शब्द निघाला का न्हाई हे समोरच्याच्या तोंडाकडं बघून ठरवायचं. तसं. क्लॅरनेटवाल्याला कान न्हाई राहिला की तो जबड्यानं वाजवतो. जबडा दुखला म्हणजे आवाज निघाला असं समजायचं. मी रीड दातानं आवळायला लागलो. खालचा ओठ आतून फुटला. उदगीरनं उपाय सांगितला, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घडी करून खालच्या दातांवर बसव. बसवला. ओठ वाचला, मंग अजून जोरात आवळायला लागलो. रीड बी जाड घेतली. लाकडाच्या फळीवर फुंकल्यासारखं व्हायचं, पण सणकून आवाज निघायचा.

तरी मास्तरचं समाधान न्हाई. एके दिवशी मी जेवून आलो तर मास्तर ओट्यावर बसलेले, पुढं आरशाची काच, काचेवर पॉलिश पेपर, आणि त्या पेपरवर माझ्या क्लॅरनेटचं तोंड घासून राहिलेले. सरसर सरसर. सुतारानं दार घासावं तसं.

"मास्तर! हे काय?"

"तोंड मोठं करून देऊन राहिलो तुझं. फट बारीक हाय. हे बनवणाऱ्यानं घरात बसून वाजवायला बनवलं. आपल्याला चौकात वाजवायचं हाय."

"अहो पण मला विचारायचं तरी!"

"डॉक्टर पोट फाडताना विचारतो का?"

"विचारतो की!"

"तो मोठ्या दवाखान्यातला. आपला तालुक्याचा." मास्तरनी फुंकर मारून काळा भुगा उडवला आणि तोंड माझ्या हातात दिलं. "घे. आता बघ कसं बोंबलतंय."

बोंबललं. पहिल्या फुंकेतच अहमदपूरनं ढोल खाली ठेवला. मास्तर खुश. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मलाच एकट्याला कळत होतं की काहीतरी गेलं. हळू फुंकलं तर नुसती हवा, फुस्स. जरासा जोर लावला की एकदम भोंगा. मधलं काहीच न्हाई. जिन्याला खालची पायरी आणि वरची पायरी, मधल्या सगळ्या काढून नेलेल्या.

खोलीवर जाऊन मी हेडमास्तर काढायला बसलो. "गप्प बसाऽऽ" काढायला गेलो, उदगीरचा ट्रम्पेट निघाला. कंडक्टर काढला, ट्रम्पेट. बांगडीवाला काढला, ट्रम्पेट. कुत्रं काढलं तर ट्रम्पेटसारखं कुत्रं. उदगीर माझ्याच खोलीत राहायचा, चटईवरून उठून बसला. लई खुश.

"अरे, माझ्यासारखं वाजायलंय की तुझं!"

त्याला वाटलं मला बरं वाटंल.

मी मास्तरकडं गेलो. "मास्तर, हळू वाजंना."

"हळू कशाला वाजवायचंय?"

"गाण्यामागं वाजवायला लागतं."

"मिरवणुकीत कोण गाणं म्हणतंय? हे बघ मुखेड, लोक लांबून ऐकतात आणि म्हणतात, आला बँड. त्यांना 'आला' कळलं पाहिजे. काय आला ते कळायची गरज न्हाई."

हे वाक्य ऐकून माझी जी तळपायाची आग मस्तकाला गेली ती मी आजवर विझू दिली न्हाई. आणि मास्तर एकटे न्हवते. लोक तसेच. मिरवणुकीत पुढं नाचणारे मागं वळून ओरडायचे, "जोरात होऊ द्या!" जोरात झालं की, "अजून जोरात!" एकानं बी कधी म्हणलं न्हाई की चांगलं होऊ द्या. नवा जिल्हा झाला म्हणजे सगळ्यांना वाटायचं, आपण आता मोठे झालो, आता आपला आवाज उस्मानाबादपर्यंत गेला पाहिजे.

टँकरचं सांगतो. तुम्हाला खोटं वाटंल, पण चाकूरकडच्या एका गावात पाण्याचा पहिला टँकर येणार म्हणून आमचा बँड बोलावला होता. टँकरला हार. ड्रायव्हरला फेटा. फाट्यापासून गावापर्यंत टँकरच्या पुढं मिरवणूक, आम्ही भर उन्हात लाल कोट घालून वाजवत चाललेलो. रीडला ओल लागते, वाळली की ती वाकडी होते आणि किंचाळते. माझ्या तोंडात थुंकी न्हवती. मागं टँकर पाण्यानं भरलेला, दर खड्ड्याला झाकणातून पाणी सांडायचं, धुळीत पडायचं, आणि आम्ही कोरड्या तोंडानं वाजवून राहिलो. मी मास्तरला खूण केली, घोटभर पाणी. मास्तरनी पुढाऱ्याकडं बोट केलं. पुढारी म्हणाले, "आधी भाषण, मंग पाणी." भाषणात ते पाण्याच्या एका एका थेंबाच्या किमतीवर बोलले. लई बोलले. खाली घागरी घेऊन उभ्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, "ह्याला पाजू नका, घसा कोरडा पडला तर तरी बंद व्हईल का बघू." मी त्या पुढाऱ्याची नक्कल तिथंच नुसत्या तोंडानं, हळू आवाजात काढली, त्या बायका हसायला लागल्या, आणि मास्तरनी माझ्या टाळक्यात टपली मारली. वाळक्या रीडवर त्या दिवशी मी जे आवळून वाजवलं, त्यानं जबडा असा बसला की दोन वेळ भाकर भिजवून खाल्ली.

असं चाललं होतं तोवर मुखेडहून एसटीच्या ड्रायव्हरकडनं आत्याचा निरोप आला. ह्या साली जयंतीला मंडप घालणार हायत. पार्टी उभी करायची. क्लॅरनेट घेऊन ये. आणि ड्रायव्हरनं पुढं सांगितलं, "बाई म्हणल्या, लांब सुराचं गाणं धरलंय म्हणून सांग. पोराला कळंल."

मला कळलं. दोन सालांनी लोकांपुढं उभी राहणार होती. लोकांना आधीच शंका, बाई आता खडी फोडून थकली, दम राहिला न्हाई. तिला ते मोडून काढायचं होतं, म्हणून तिनं सगळ्यात लांब सुराचं गाणं धरलं. आणि धरलं कुणाच्या भरवशावर, तर माझ्या.

तालमीला आठ दिवस आधी जायला पाहिजे होतं. मास्तर सोडंनात. जयंतीचीच सकाळची मिरवणूक लातुरात होती, ती करून जा म्हणाले. ती केली, लाल कोट अंगावर तसाच, धावत एसटी धरली. मुखेडात पोचलो तर उन्हं कललेली, मंडप भरलेला, बायका मुलं घेऊन पुढं बसलेल्या, आत्या माईकपुढं उभी. माईक एकच. रीत अशी की आत्या मधी आणि मी तिच्या डाव्या खांद्याशी. मला बघून तिच्या तोंडावर असा उजेड पडला की विचारू नका. म्हणाली, "आलास? ये. चुलीपाशी ये."

पेटी लागली. आत्यानं पहिली ओळ घेतली. काय गायली! आवाज जरासा खरखरीत झालेला, पण भरलेला. ओळीचा शेवट आला, तिनं सूर लांबवला, खांद्याचं हाड वर सरकलं. मी हळू फुंकलं. फुस्स. हवा. तिचा दम तुटायला आला. मी जरासा जोर लावला.

भोंगा.

एकाच माईकमधी, तिच्या तोंडापाशी, चौकात वाजवायचा भोंगा. पुढची दोन लेकरं दचकून रडायला लागली. पण मागं उभी असलेली तरणी पोरं! त्यांनी शिट्ट्या मारल्या. "अरे वाऽऽ! जोरात होऊ द्या!" एक जण उठून नाचायला लागला, मंग पाच, मंग सगळी मागची बाजू. मी म्हणलं, चला, जमलं. जबडा आवळला आणि कडवं उचललं. पेटीवाल्या काकांनी मला पायानं ढोसलं. मला वाटलं, शाबासकी. अजून एकदा ढोसलं, नडगीवर. मी अजून जोर लावला. अख्खं कडवं मी वाजवलं, वर तान बी मारली. लोक नाचून राहिले. कडवं संपलं, तोंडातून क्लॅरनेट काढलं, आणि बघतो तर आत्या माईकपासून दोन हात मागं, पदर तोंडाला लावून उभी. ती पहिल्याच ओळीला थांबली होती. मला ऐकू आलं न्हवतं. आणि त्या नाचणाऱ्या शेपन्नास गाढवांपैकी एकाला बी कळलं न्हवतं की गाणारी बाई गात न्हाई.

तिनं पुढं गाणं म्हणलंच न्हाई. पेटीवाल्या काकांनी कोरसातल्या एका पोरीला उभं केलं आणि कार्यक्रम उरकला. मला लोक मिठ्या मारायला आले. एक जण म्हणाला, "लातूरनं पोरगं बनवलं बघा!" मला त्याच्या कानाखाली द्यावी वाटली.

मंडपाच्या मागं, पाण्याच्या रिकाम्या पिंपापाशी आत्यानं मला गाठलं.

"ये. इकडं ये. उभा राहा नीट."

"आत्या, माझं काय चुकलं? त्या मास्तरनं तोंड घासलं माझं—"

"तुझं का नळीचं?"

"नळीचं. पॉलिश पेपरनं. मला न विचारता. आणि बाजूला ढोल, ट्रम्पेट, माणसाला ऐकू येत न्हाई तिथं. मी काय करू? आणि लोक नाचले की!"

"लोक टँकरपुढं बी नाचतात मुडद्या! एसटीच्या ड्रायव्हरनं सांगितलं मला त्या टँकरचं. मास्तरनं घासलं तर तुझे हात काय केळी सोलत होते का? नवं तोंड नांदेडात मिळतं, आणायचं! ते न्हाई तर मला येऊन सांगायचं, आत्या, माझ्या नळीला आता हळू येत न्हाई. मी ते गाणं धरलं असतं का? बारकं धरलं असतं. माझं मी झाकून नेलं असतं."

"मला काय ठाऊक असं व्हईल—"

"गप्प बैस! सगळ्या मुखेडच्या नकला करतो न्हवं तू? हेडमास्तर काढतो, कुत्रं काढतो. आता माझी काढ. आज गायले ती ओळ. काढ की! माझा दम कुठं तुटला ते दाखव."

मी तोंड उघडलं. काही आठवंना. तिचा दम कुठं तुटला ते मी ऐकलंच न्हवतं, मी जबडा सांभाळत होतो.

"न्हाई ना येत? दोन साल मी खडीवर उन्हात तोंडाला फडकं बांधून बसले, दुपारी गाणं गुणगुणायची, कुठं श्वास घ्यायचा ते मोजायची, आणि म्हणायची, तिथं पोरगं हाय. आणि पोरगं आलं बँडचा कोट घालून! काढ तो कोट आधी, घामाचा वास मारायलाय. आणि पेटीवाल्या काकांच्या पाया पड जा, त्यांच्या पायाचा अंगठा मोडायला आला तुला ढोसून ढोसून."

"पडतो. पण आत्या, मास्तरला बी बोल ना जरासं. सगळं मलाच!"

"मास्तर माझा भाचा हाय का? त्याला मी कशाला बोलू? तो त्याचं काम करतो, भाडोत्री बोंबलतो. तुला मी बसवलं होतं माझ्या खांद्याशी. आता तिथं बसायचं न्हाई. नवं तोंड आण, नरम रीड आण, माझ्यापुढं रोज सकाळी हळू वाजवून दाखव, मंग बघू. तोवर पार्टीत यायचं तर कोरसात पोरींच्या मागं बस आणि टाळ्या वाजव. आणि ऐक, टाळ्या बी हळू. तुझा काय भरवसा न्हाई मला."